रेल्वेचे फाटक आणि नागरिकाचे घर



आजचा विषय रूक्ष आहे याची मला जाणीव आहे. वसंतातल्या संध्याकाळी कायद्याची कलमे ऐकायला कोण येणार, अशी शंका चालकांनीही बोलून दाखवली होती. पण आपल्यापैकी निम्मी मंडळी येथे येताना रेल्वेच्या फाटकाशी थांबून आली असतील. तेव्हा माझी प्रस्तावना फाटकवाल्याने आधीच केली आहे, असे समजतो.

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली आगगाडी निघाली, तेव्हा रस्त्यावर बैलगाड्या होत्या आणि फाटकाशी घटकाभर थांबण्याचे कोणाला दुःख नव्हते. आज त्या फाटकाशी रुग्णवाहिका थांबते. डॉ. अनिल काकोडकर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने २०१२ साली पाच वर्षांत सगळीच फाटके काढून टाकावीत अशी शिफारस केली. ब्रॉडगेज मार्गांवरची बिनपहाऱ्याची फाटके २०१९ च्या जानेवारीअखेर संपली. राहिली ती पहाऱ्याची, आणि त्यांपैकी कित्येक भर वस्तीत आहेत. खरी अडचण तेथेच आहे.

थोडा हिशेब करू. विजेच्या तारा असलेल्या रुळांवर सुमारे साडेसहा मीटर मोकळी उंची ठेवावी लागते. पुलाची जाडी दोन मीटर धरा. तीस मीटर चालल्यावर एक मीटर चढावे, असा चढ धरला, तर प्रत्येक बाजूला अडीचशे मीटर लांबीचा उतार होतो. रुळांवरचा भाग बहुधा रेल्वेच्याच जागेत असतो; पण हे दोन उतार बाजारपेठेत उतरतात. कोणाची ओसरी जाते, कोणाचे परसू जाते, कोणाचे दुकान मुळासकट जाते.

मग सरकारला माझे घर घेता येते काय? येते. हे प्रथमच स्पष्ट सांगतो, कारण खोटी आशा लावणे हा वकिलाचा धर्म नव्हे. पण "घेता येते" आणि "वाटेल तसे घेता येते" या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत.

आपल्या राज्यघटनेत प्रथम मालमत्तेचा हक्क मूलभूत होता. १९५३ साली बेला बॅनर्जी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, मोबदला म्हणजे घेतलेल्या वस्तूची रास्त किंमत. पुढे एकामागून एक घटनादुरुस्त्या झाल्या आणि ४४ व्या दुरुस्तीने १९७९ पासून हा हक्क मूलभूत हक्कांच्या यादीतून गेला. पण तो नाहीसा झाला नाही. अनुच्छेद ३००-अ सांगतो की, कायद्याच्या आधाराशिवाय कोणाचीही मालमत्ता काढून घेता येणार नाही. या एका वाक्यात काय काय सामावले आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने मे २०२४ मध्ये कोलकाता महानगरपालिकेच्या खटल्यात उलगडून सांगितले. मालकाला नोटीस मिळाली पाहिजे. त्याचे ऐकले पाहिजे. निर्णय कारणांसह दिला पाहिजे. हेतू सार्वजनिक असला पाहिजे. मोबदला रास्त असला पाहिजे. काम वेळेत झाले पाहिजे. आणि ते शेवटास गेले पाहिजे. ती जागा बागेसाठी घेतली जात होती. पुलालाही हीच कसोटी लागते.

आता व्यवहाराकडे वळू. हातात नोटीस आली की प्रथम ती कोणत्या कायद्याखाली आहे ते पाहावे. १८९४ चा जुना कायदा आता नाही. त्याची जागा २०१३ च्या कायद्याने घेतली. त्याखाली प्राथमिक अधिसूचनेनंतर हरकतीला साठ दिवस मिळतात. विशेष रेल्वे प्रकल्प म्हणून रेल्वेच्या कायद्याखाली जमीन घेतली जात असेल, तर तीसच दिवस. सामाजिक परिणामांच्या अभ्यासाची तरतूद २०१३ च्या कायद्यात आहे. पण महाराष्ट्राने २०१८ च्या दुरुस्तीने पायाभूत सोयींच्या कामांना त्यातून सूट देण्याची वाट केली आहे. म्हणून हरकतीचे दिवस हेच आपले खरे बळ. ते रडण्यात घालवू नयेत. "आमचे वडिलोपार्जित घर आहे" ही हरकत माणुसकीची आहे, पण टिकणारी नव्हे. "एवढी रुंदी का लागते? उतार थोडा वळवला तर काय बिघडते? येथे भुयारी मार्ग का होत नाही?" या हरकतींना उत्तर द्यावे लागते, कारण किती जागा आणि कोणती जागा, हाच प्रश्न कायद्याने हरकतीत विचारू दिला आहे. भुयारी मार्ग पावसाळ्यात तुंबतो, असे उत्तर येईल. येऊ द्या, पण ते लेखी आले पाहिजे.

मोबदल्यात बाजारभावाइतकीच आणखी दिलासा रक्कम मिळते. म्हणजे शहरात साधारण दुप्पट. पूर्ण मोबदला दिल्यावाचून ताबा घेता येत नाही. अर्धे घर कापून अर्धे ठेवू लागले, तर "घेता तर सगळेच घ्या" असे मालक म्हणू शकतो. राहिलेल्या जागेचे नुकसान झाले तर तेही मागता येते. आणि तेथे राहून पोट भरणारा भाडेकरू तीन वर्षांचा असेल, तर त्यालाही कायदा ओळखतो.

परंतु एका माणसाला कायदा ओळखत नाही. ज्याची एक वीतही जागा गेली नाही, पण ज्याच्या दुकानासमोर भिंत उभी राहिली, तो. काल दारावरून गाव जात होते. आज ते डोक्यावरून जाते. त्याचे काही "घेतले" नाही, म्हणून त्याला काही द्यायचे नाही! सुक्याबरोबर ओलेही जळते, हे आपण म्हणीत ऐकतो. येथे जळते ते कोणाच्या खातेवहीतही चढत नाही. पुलाखाली गाळे बांधून त्यांत अशा लोकांना पहिला मान देणे, बाजूचे रस्ते रुंद व उजेडाचे ठेवणे, एवढे तरी नगरपालिकेला करता येईल. त्यासाठी कायदा नको, आग्रह हवा.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. एका भिंतीसाठी पूल वर्षानुवर्षे अडावा आणि फाटकाशी कोणी प्राण सोडावा, हेही न्यायाचे नाही. पूल व्हावाच. पण पूल सगळ्या गावाचा असेल, तर त्याची किंमत चार घरांनीच का भरावी? सार्वजनिक सुखाचा भार सर्वांनी वाहावा, यासाठीच तर मोबदला आहे. तेव्हा उद्या शेजाऱ्याच्या दारावर नोटीस लागली, तर "आपले घर वाचले" म्हणून सुस्कारा टाकू नका. त्याच्याबरोबर सुनावणीला जा. पुलावरून आपली गाडी वेगाने जाईल तेव्हा खाली कोणाचे अंगण होते हे आठवावे, आणि त्याची योग्य भरपाई झाली होती, असे मनाला सांगता यावे.