आज तारीख आहे

गृहनिर्माण संस्थेच्या वार्षिक सभेची नोटीस आपल्यापैकी पुष्कळांनी वाचली असेल. तिच्या तळाशी एक ठरलेली सूचना असते : गणसंख्येअभावी सभा तहकूब झाल्यास ती अर्ध्या तासाने त्याच ठिकाणी भरेल. (मग गणसंख्येची अट राहत नाही, म्हणून अनुभवी सभासद मुळातच अर्धा तास उशिरा येतात!) या 'तहकूब'च्या जागी इंग्रजीत जे क्रियापद येतं, त्या 'ॲडजर्न'विषयी आज बोलायचं आहे.

शब्द भारदस्त, पण त्याच्या पोटात साधा 'दिवस' आहे. जुन्या फ्रेंचमध्ये 'जोर्न' म्हणजे दिवस. एखाद्याला नेमल्या दिवशी हजर राहायला सांगणं, हा या क्रियापदाचा पहिला अर्थ. इंग्रजीतही तो याच अर्थाने आला. मधला 'डी' मागाहून लॅटिनच्या थाटासाठी बसवला गेला. रोजनिशीचं 'जर्नल' आणि प्रवासाचं 'जर्नी', म्हणजे मुळात एका दिवसाचा पल्ला, ही त्याचीच भावंडं. या सगळ्यांच्या मागे लॅटिन 'दिएस' आहे आणि ते आपल्या 'दिवसा'चं दूरचं नातलग.

'पोस्टपोन' आणि 'ॲडजर्न' एक नव्हेत. लग्न पुढे ढकललं तर पोस्टपोन. चालू असलेलं काम थांबवून ते पुढे कधी चालवायचं हे सांगितलं, तर ॲडजर्न. संसदेत मात्र 'सायनी डाय' म्हणजे बेमुदत तहकुबीही असते. या लॅटिन शब्दांचा अर्थ 'दिवसाविना'. दिवसातून जन्मलेल्या शब्दाची ही गंमतच म्हणायची.

कोर्टात ही गंमत राहत नाही. आपला पक्षकार 'ॲडजर्न' म्हणत नाही. सकाळी 'आज तारीख आहे' म्हणून निघतो आणि संध्याकाळी 'तारीख पडली' म्हणून परततो. पहिली तारीख म्हणजे सुनावणी, दुसरी म्हणजे न झालेली सुनावणी. फ्रेंच 'दिवसा'ने जे केलं, तेच मराठीत 'तारखे'ने केलं, पण आपल्या शब्दात कंटाळाही उतरला आहे. 'ॲडजर्न्ड' एवढं लिहिलं की कागदाचं काम होतं, एसटीचं भाडं आणि बुडालेला रोज (हाही मूळचा फारसी 'दिवस'च!) त्या शब्दात कुठे दिसत नाही.

कायद्याला हे ठाऊक नाही असं नाही. दिवाणी दाव्याच्या सुनावणीत एका पक्षाला तीनपेक्षा अधिक तहकुबी देऊ नयेत, अशी मर्यादा २००२पासून आहे. अपवादात्मक परिस्थितीत ती शिथिल होऊ शकते, असं सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली सांगितलं. मला ते रास्त वाटतं. आजारपण, अपघात सांगून येत नाहीत. अडचण आहे ती अपवादाची सवय होण्याची. फौजदारी खटल्यांसाठी १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या नव्या संहितेत तर, परिस्थिती पक्षकाराच्या हाताबाहेरची असली तरी दोनच तहकुबींची मुभा आहे.

आणखी एक तरतूद फारशी कुणाच्या लक्षात नसते. दिवाणी दाव्यात तहकुबी देताना तिच्यामुळे झालेल्या खर्चाबद्दल न्यायालयाने आदेश करायचा असतो. समोरच्याने तारीख मागितली, तर आपल्या वकिलांना तेवढी आठवण जरूर करून द्यावी.