माळ्यावरची अडगळ आणि संगणकातली



मी कोणी विदुषी नव्हे. आपल्या शिरगावातलीच एक गृहिणी. गणपतीपूर्वी आपण माळा आवरतो, तसा संगणक कसा आवरावा, एवढेच सांगणार आहे.

गेल्या वर्षी आमचा संगणक फार रेंगाळू लागला. बटण दाबावे, चहा करून गाळून आणावा, तरी पडद्यावर चक्र फिरतेच आहे! घरात नवा घेण्याच्या गोष्टी सुरू झाल्या. मी म्हटले, आधी आवरून तर पाहू. पाहते तो आतली जागा जवळजवळ संपलेली! यंत्रालाही काम करताना तात्पुरते सामान मांडावयास मोकळी जागा लागते. ओट्यावर भांड्यांचा ढीग असला, तर पोळी लाटायची कोठे?

मी पदर खोचला आणि एकामागून एक फाइली पुसत सुटले. ‘स्कॅन 3’ नावाचा एक फोल्डर होता. नावावरून बोध होईना, तोही टाकला. संध्याकाळी जाऊबाई आल्या. त्या बदलापूर पश्चिमेस राहतात. 26 जुलै 2005 च्या पुरात उल्हास नदीचे पाणी त्यांच्या घरात शिरले आणि सारे अल्बम गेले. सासूबाईंचा एकच फोटो आमच्याकडे उरला होता. त्याचाही कागद पुढे वाळवीने खाल्ला. संगणकातली प्रत तेवढी राहिली, आणि ती होती त्याच फोल्डरात! माझे हातपाय गळाले.

सुदैवाने रिसायकल बिन, म्हणजे यंत्रातली केराची टोपली, मी रिकामी केली नव्हती. फोल्डर परत आणला. सासूबाई पडद्यावर दिसल्या. जाऊबाई काही बोलल्या नाहीत. डोळे मात्र पुसले.

तेव्हापासून मी नेम ठरविला आहे. विंडोजच्या संगणकात सेटिंग्ज, सिस्टिम, स्टोरेज या वाटेने गेले, की कशाने किती जागा अडविली ते दिसते. तेथील ‘टेम्पररी फाइल्स’ हा बहुतेक केरच. परंतु त्याच यादीत ‘डाउनलोड्स’ही असते. त्यात विजेची बिले, मुलांचे दाखले असावयाचे. म्हणून आत पाहिल्यावाचून त्यावर खूण करू नये. टोपलीतला केरही जागा अडवितो, तेव्हा ती रिकामी करावी; पण एकवार चाळून. पेन ड्राइव्हवरून पुसलेले बहुधा टोपलीत येतच नाही, हे विसरू नये. विंडोजच्या स्वतःच्या फोल्डरात हात घालू नये. यंत्र सुरू होताच आपोआप उघडणारे नको ते प्रोग्रॅम टास्क मॅनेजरमधून बंद करावेत. ‘तुमचा संगणक फुकट वेगवान करतो’ अशा जाहिरातींना भुलू नये. आणि जपण्याजोगे जे असेल, त्याची एक प्रत आवरायला बसण्याआधीच बाहेरच्या डिस्कवर काढून ठेवावी.

आमचा जुना संगणक आजही चालतो आहे. भगिनींनो, घरी गेल्यावर एवढे करा : जपायच्या फाइलींना नीट नावे द्या. आमच्या त्या फोल्डराचे नाव आता ‘सासूबाई’ असे आहे.