परसातलं कुणी नासलं?

(जिंतूर तालुक्यातल्या बैठकीतलं बोलणं)



भुईमूग, रताळी रात्रीतून गेली की आपण म्हणतो, "जनावरानं खाल्लं." पंचनाम्याला तेवढं पुरत नाही. रानडुक्कर, रोही, हरणाच्या नुकसानीला भरपाई आहे. म्हणून जनावर आपणच ओळखू.

मुसकाटानं माती उकरलेली, ताटं आडवी झालेली, तर रानडुक्कर. शेंडे खाल्लेले, एकाच जागी लेंड्यांचा ढीग, तर रोही. बुडाशी दातांच्या खुणा आन् जवळ पडलेला काटा, तर साळिंदर. दिवसाढवळ्या अर्धवट खाऊन फेकलेली फळं वानराची.

खुणा मोडायच्या आत चार माणसांना दाखवू. ३ दिवसांच्या आत वनखात्याला अर्ज देऊ. वनहक्काचा दावा पडून असंल तरी देऊच. भरपाई मिळो न मिळो, पोच जपू. ही जमीन आपण कसतो, हे सांगणारा तो कागद आहे.