अपस्मार : लपविण्याचा नव्हे, उपचारांचा रोग
(वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



मी डॉक्टर नव्हे. मॅट्रिक होऊन मुलांना शिकविण्यात आयुष्य घालविलेला एक शिक्षक आहे. माझ्या वर्गातील एक मुलगी वाचता वाचता मध्येच थांबे, क्षणभर शून्यात पाही आणि पुन्हा वाचू लागे. लक्ष नाही म्हणून मी तिला कितीदा तरी बाकावर उभे केले. तो अपस्मार होता, हे मला फार उशिरा कळले. ती टोचणी मनात आहे, म्हणूनच आज हा विषय घेतला.

प्रत्येक फेफऱ्यात मनुष्य कोसळतोच असे नाही. मुलांचे कधी नुसते भान हरपते. मोठ्यांचा कधी एकच हात झटके देतो. मेंदूतील विद्युत्-क्रिया काही काळ बिघडल्याने हे घडते. त्यात भूतबाधा नाही, संसर्गही नाही. निदानाचा मुख्य आधार म्हणजे झटका प्रत्यक्ष पाहणाऱ्याने सांगितलेली हकीकत. मेंदूचा विद्युत्-आलेख आणि एम. आर. आय. साह्य करतात, परंतु आलेख निर्दोष आला म्हणून अपस्मार नाहीच, असे ठरत नाही.

योग्य औषध नियमाने घेतल्यास दहांपैकी सुमारे सात रुग्णांचे झटके थांबू शकतात. मात्र बरे वाटले म्हणून ते आपल्या मनाने सोडू नये. झटका आल्यास रुग्णास कुशीवर वळवावे, तोंडात काही घालू नये, कांदा वा चप्पल हुंगवू नये. पाच मिनिटांत न थांबल्यास रुग्णालय गाठावे.

आता मनातले बोलतो. वधूवर-सूचक नोंदवहीत हा रोग कोणी लिहीत नाही. मग सासरी गोळ्या लपवाव्या लागतात, त्या चुकतात आणि नेमका झटका येतो. हिंदू विवाह कायद्यात १९७६ साली वारंवार येणारा अपस्मार विवाहास बाधक ठरविला गेला. १९९९ साली संसदेने ती अट काढून टाकली. कायद्याने उघडलेले दार ज्ञातीने का बंद ठेवावे? ज्याच्या घरी हा रोग असेल त्याने तो सांगावा. ऐकणाऱ्याने पाठ न फिरविता डॉक्टरांस विचारावे. औषध घेणाऱ्या स्त्रीने गर्भधारणेपूर्वीच त्यांचा सल्ला घ्यावा.

माझ्या विद्यार्थिनीस मी न्याय देऊ शकलो नाही. आपण आपल्या लेकी-सुनांस द्याल, या विश्वासाने आपली रजा घेतो.