करासाठी देशांतर



शेअरबाजारात चार पैसे मिळविणारा माझा एक जुना विद्यार्थी परवा भेटावयास आला. "सर, दुबईस बिऱ्हाड हलवितो. तेथे प्राप्तिकरच नाही," तो म्हणाला. त्याचे म्हणणे खोटे नव्हते. व्यक्तीच्या वेतनावर वा गुंतवणुकीच्या नफ्यावर तेथे प्राप्तिकर नाही. परंतु ते अर्धेच सत्य होय.

वर्षात 182 दिवस भारतात काढणारा माणूस करापुरता येथलाच रहिवासी ठरतो. तो अनिवासी झाला, तरी भारतीय कंपन्यांच्या शेअरांवरील नफा येथेच उपजतो, म्हणून त्याचा करही येथेच भरावा लागतो. 23 जुलै 2024 पासून बाजारात विकलेल्या अशा शेअरांच्या अल्पमुदतीच्या नफ्यावर शेकडा 20, तर दीर्घमुदतीच्या नफ्यावर सव्वा लाखापलीकडे शेकडा साडेबारा असा दर ठरला. देशांतराने वाचतो तो मुख्यतः परदेशी गुंतवणुकीवरील कर.

"तुझी तशी गुंतवणूक किती?" मी विचारले.

तो ओशाळून म्हणाला, "काहीच नाही, सर."

घरी त्याची वृद्ध आई आहे. दिवसांचा हिशेब मांडावयाचाच, तर तिच्याजवळ किती दिवस काढता येतील, हेही त्यात धर, एवढेच मी त्यास सांगितले.