पंपाआधी टाकी

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

श्रोतेहो, तेलगावहून धारूरला जायचं म्हणजे घाट चढावा लागतो, हे आमच्या भागात कुणाला सांगावं लागत नाही. बाहेरच्यांसाठी सांगतो. बीड-परळी आणि माजलगाव-धारूर या दोन रस्त्यांच्या चौफुलीवर तेलगाव आहे. साखर कारखान्याचं गाव म्हणून ते अनेकांना ठाऊक असतं. इथून धारूरकडे निघालं की बालाघाटची रांग समोर येते. त्या डोंगरातल्या सीताफळांवर आमच्याकडच्या कित्येक घरांची दिवाळी होते. बीडच्या सीताफळाला २०१६ साली भौगोलिक मानांकनही मिळालं. पण सीताफळ मानांकन बघून थांबत नाही. आज डोळा उघडला की परवा मऊ.

अशाच एका ऑक्टोबरच्या पहाटे मी रिकामी क्रेट्स घेऊन घाट चढत होतो. गाडी डिझेलवरची पिकअप. मागे वजन म्हणावं तर काहीच नाही, तरी गाडी ओढेना. तिसऱ्या गिअरवरून दुसऱ्यावर, दुसऱ्यावरून पहिल्यावर, आणि शेवटी एका वळणावर बंदच पडली. सेल्फ मारला तर इंजिन फिरतंय, पण लागत नाही. वर डोंगरात माल तोडून ठेवलेला, आणि मी वळणावर चाकाखाली दगड लावून बसलेलो. त्या दिवशी दुसऱ्याची गाडी भाड्यानं आणून माल पोचवला. हातात आलं ते भाड्यातच गेलं.

खरी गोष्ट पुढंच आहे. त्याच गाडीचा हायप्रेशर पंप सात महिन्यांपूर्वी एका गॅरेजमध्ये बदलून घेतला होता. नवाकोरा पंप, आणि सात महिन्यांत पुन्हा तोच आजार! या वेळी विचारलं तर आकडा सांगितला गेला लाखाच्या पुढचा : पंप, चारही इंजेक्टर, रेल, पाईप, सगळंच बदला. माझा पुतण्या आयटीआयमध्ये डिझेल मेकॅनिक शिकलेला. तो म्हणाला, "काका, आधी पंप का मेला ते बघू. नाही तर तिसराही मरंल."

हा पंप करतो काय, ते आधी सांगतो. माझ्या वडिलांच्या विहिरीवर ऑइल इंजिन होतं. किर्लोस्करांनी १९४६ साली ऑइल इंजिनचा कारखाना काढला आणि पुढे महाराष्ट्रातल्या विहिरीविहिरींवर ही इंजिनं धडधडू लागली. त्या काळी डिझेलच्या पंपाला खेड्यात सरसकट 'मायको पंप' म्हणत, कारण १९५१ साली स्थापन झालेली मायको ही बंगळूरची कंपनी ते बनवत होती. २००८ साली तिचं नाव बॉश झालं, पण जुने मिस्त्री अजून मायकोच म्हणतात. रुडॉल्फ डिझेलचं इंजिन १८९७ साली चाललं, तेव्हा त्यात तेल फवारायला दाबलेली हवा लागे, आणि हवेचं ते यंत्र अवजड असे. १९२७ साली बॉशनं तेल थेट दाबून फवारणारा पंप कारखान्यात बनवायला सुरुवात केली आणि डिझेल इंजिन ट्रक-ट्रॅक्टरवर बसण्याइतकं आटोपशीर झालं.

जुन्या पंपाची रीत साधी. प्रत्येक सिलिंडरला डिझेलचा एकेक पिचकारा, वेळ झाली की मारायचा. दाब साधारण दोनशे किलो. १९९७ पासून मोटारींमध्ये कॉमन रेल नावाची पद्धत आली. हिच्यात पंप फक्त दाब तयार करतो. ते दाबलेलं डिझेल एका जाड नळीत, म्हणजे रेलमध्ये, साठतं आणि तिथून कुठल्या इंजेक्टरनं कधी आणि किती सोडायचं ते कॉम्प्युटर ठरवतो. धूर कमी, आवाज कमी, ओढ जास्त. पण दाब? सोळाशे किलो, काही गाड्यांत त्याहूनही जास्त. आपण मागच्या चाकात पन्नास-पंचावन्न पॉइंट हवा भरतो. त्याच मापात मोजलं तर रेलमधला दाब तेवीस हजार पॉइंटच्या घरात जातो.

एवढा दाब धरायचा म्हणजे पंपातला दट्टा आणि त्याची नळी यांच्यात फट जवळजवळ नसतेच. माणसाच्या केसाचे उभे वीस-तीस भाग करा, त्यातल्या एकाएवढी. आणि या घासणाऱ्या भागांना वंगण कशाचं? डिझेलचंच. म्हणून डिझेल कमी पडलं, त्यात पाणी आलं किंवा रॉकेल मिसळलं, की पंप कोरडा घासतो. घासला की लोखंडाचा बारीक किस निघतो. हा किस पुढे रेलमधून इंजेक्टरमध्ये जातो आणि उरलेल्या डिझेलबरोबर रिटर्न पाईपनं परत टाकीत येतो. माझ्या गाडीची सगळी कथा या शेवटच्या वाक्यात होती, पण ती मला नंतर कळली.

अंगणातल्या लिंबाखाली गाडी लावली आणि आम्ही पंपाला हात लावायच्या आधी दोन दिवस नुसती तपासणी केली. गाडी डिझेल घेत नाही म्हणजे पंपच गेला, असं नसतं. फिल्टर तुंबलेला असू शकतो. टाकीकडून येणाऱ्या नळीच्या जोडात बारीक फट असली तर पंप डिझेलबरोबर हवा ओढतो. एखादा इंजेक्टर आतून गळत असला तर पंपानं कितीही दाब केला तरी तो रेलमध्ये टिकत नाही. त्यासाठी चारही इंजेक्टरच्या रिटर्नला चार बाटल्या लावून सेल्फ मारायचा आणि कुणाची बाटली जास्त भरते ते बघायचं. आमच्या दोन बाटल्या जास्त भरल्या. स्कॅनर लावला तर सेल्फ मारताना रेलचा दाब दीडशेच्या वर जाईना. इंजेक्टर उघडायलाच दोनशेच्या पुढे दाब लागतो.

मग पुतण्यानं फिल्टर करवतीनं कापून उघडला आणि आतला कागद उन्हात धरला. दिवाळीच्या भेटकार्डावर चमकी असते ना, तसा तो चमकत होता. तो म्हणाला, "काका, फिल्टर तर पंपाच्या आधी असतो. मग पंपाचा किस फिल्टरमध्ये आला कुठून?" मी गप्प. तो पुन्हा म्हणाला, "टाकीतून आला." पहिला पंप मेला तेव्हा त्याचा किस टाकीत गेला होता. नवा पंप बसवणाऱ्यानं टाकी खोलली नाही, नळ्या धुतल्या नाहीत. फिल्टरनं रोखला तेवढा रोखला. इंजेक्टरमध्ये अडकलेला किस तर जागचा हललाच नव्हता. नवा पंप पहिल्या दिवसापासून आजारी घरात नांदत होता.

म्हणून आमचं काम टाकीपासून सुरू झालं. टाकी उतरवली, रिकामी केली, तीनदा स्वच्छ डिझेलनं विसळली. तळाशी किस होता आणि त्याबरोबर पाणीही होतं. नळ्या धुतल्या. इंजेक्टर छत्रपती संभाजीनगरला नेऊन टेस्ट बेंचवर तपासून घेतले. दोन वाचले, दोन बदलले. रेल आणि जाड पाईप नवे घेतले, कारण त्यांच्या आतला किस घरी निघाला याची खात्री देता येत नाही. हे सगळं झाल्यावर पंपाची पाळी.

पंप काढणं ऐकायला सोपं आहे. बॅटरीचा काळा तार काढायचा, रेलचा दाब उतरायला वेळ द्यायचा. आम्ही चांगला अर्धा तास थांबलो. सगळ्या भागाची माती आधीच धुऊन टाकलेली. पाईप सुटला की त्याच क्षणी त्याच्या तोंडाला स्वच्छ बूच. अंगणात वाऱ्यानं उडणारा धुळीचा एक कण या पंपाला पुरतो, म्हणून सकाळी वारा सुटायच्या आत हे काम केलं आणि घरच्यांना अंगण झाडू दिलं नाही. पंपाचं चक्र निमुळत्या दांड्यावर घट्ट बसलेलं असतं. ते पुलरनंच काढायचं, हातोडा मारायचा नाही. काही इंजिनांत पंप पट्ट्यावर किंवा साखळीवर चालतो, तिथं ती हलू न देण्यासाठी लॉक लावावा लागतो. बोल्ट आवळायला टॉर्क पाना हवा. अंदाजानं आवळलेला जोड एवढ्या दाबाला टिकत नाही. आणि नवा पंप कोरडा फिरवायचा नाही. आधी त्यात स्वच्छ डिझेल भरायचं, हातपंपानं फिल्टरमधली हवा काढायची, मगच सेल्फ.

सेल्फ मारला. दुसऱ्या वेळेला गाडी लागली. पण एक सिलिंडर थोडं अडखळत होतं. फाट्यावरचे आमचे जुने मिस्त्री कौतुकानं बघायला आले होते. चाळीस वर्षं ट्रॅक्टर दुरुस्त केलेला माणूस. कुठलं सिलिंडर मारत नाही ते शोधायची त्यांची रीत साऱ्या तालुक्याला माहीत : इंजिन चालू ठेवून एकेका नोझलच्या पाईपचा नट ढिला करायचा. त्यांनी सवयीनं पाना उचलला आणि इंजेक्टरच्या नटाला लावला. पुतण्यानं दोन्ही हातांनी त्यांचं मनगट धरलं. "मामा, नका! बोट जाईल."

मिस्त्री रागावले. मग पुतण्यानं इंजिन बंद करून त्यांना समजावलं. जुन्या इंजिनात नट ढिला केला तर डिझेल थेंबथेंब गळतं. कॉमन रेलमध्ये त्याच फटीतून सुईसारखी धार निघते आणि ती कातडीतून थेट आत शिरते. वरून टाचणी टोचल्याएवढं भोक दिसतं, सुरुवातीला फारसं दुखतही नाही. माणूस हात पुसून कामाला लागतो. आत डिझेल बोटाच्या नसांच्या म्यानांतून तळहातापर्यंत पसरलेलं असतं, आणि काही तासांत बोट काळं पडायला लागतं. डिझेलच्या अशा जखमेची नोंद १९३७ सालीच अमेरिकेतल्या वैद्यकीय नियतकालिकात झाली होती. तेव्हाचे दाब आजच्या मानानं कितीतरी कमी होते. श्रोतेहो, हे लक्षात ठेवा : अशी धार लागली तर मलम लावून घरी बसू नका. लगेच शस्त्रक्रियेची सोय असलेल्या दवाखान्यात जा आणि 'जास्त दाबाचं डिझेल आत शिरलंय' असं स्वतः सांगा, कारण जखम बघून ते कळत नाही. आणि गळती कुठं आहे ते हात फिरवून बघू नका. इंजिन बंद करा, दाब उतरू द्या, मग बघा.

मिस्त्री बराच वेळ आपल्या बोटांकडे बघत राहिले. मग म्हणाले, "चाळीस वर्षांत हे कुणी सांगितलं नाही रे." खरंच आहे. गाडी बदलली, पण तिच्याबरोबर सूचना मात्र आपल्या भाषेत, आपल्या फाट्यापर्यंत पोचली नाही. अडखळण्याचं कारण पुढे स्कॅनरवर सापडलं. बदललेल्या इंजेक्टरचे नंबर कॉम्प्युटरला कळवायचे राहिले होते. ते कळवले आणि इंजिन सुतासारखं चालू लागलं.

आता राहिला माझा हिशेब. गॅरेजवाल्यानं टाकी धुतली नाही हे खरं. पण पहिला पंप कुणी मारला? ट्रॅक्टरसाठी म्हणून मी घरी पिंपात डिझेल ठेवत असे. पावसाळ्यात पिंपाला आतून घाम सुटतो आणि ते पाणी तळाशी बसतं. तेच डिझेल मी निकडीच्या वेळी पिकअपमध्ये ओतत होतो. ट्रॅक्टरच्या जुन्या पंपानं ते पचवलं, या पंपाला ते पचलं नाही. त्यात १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-सहा डिझेल आलं. त्यात गंधक दहा लाखांत दहा भाग इतकंच असतं. गंधक काढताना डिझेलचा मूळचा वंगणपणाही कमी होतो, म्हणून कंपन्या त्यात वंगणाचं औषध मिसळतात. अशा डिझेलमध्ये कुणी रॉकेल मिसळलं तर औषधाचा परिणाम जातो. टाकी तळाला जाईपर्यंत गाडी पळवायची माझी सवय होती, तीही नडली. दोष वाटून घ्यायचा म्हटलं तर निम्मा माझ्या वाट्याला येतो.

घरी केल्यानं खर्च सांगितलेल्या आकड्याच्या निम्म्यावर आला. म्हणून मी सगळ्यांना घरी पंप बदलायला सांगतोय, असं समजू नका. माझ्याकडे शिकलेला पुतण्या होता, मागून आणलेला स्कॅनर होता, टॉर्क पाना होता. ते नसेल तर जाणत्याकडंच जा. पण जाताना दोन गोष्टी विचारा : जुना पंप खोलून मला दाखवाल का, आणि टाकी धुणार का? दुसऱ्याला 'नाही' म्हणाला तर गाडी परत आणा. घरी करायचं ते एवढंच : फिल्टरच्या तळाची चावी महिन्याला उघडून पाणी काढा, फिल्टर वेळेवर बदला, टाकी पाव भरलेली असतानाच डिझेल घ्या, पिंपातलं डिझेल या गाडीला पाजू नका.

त्याच आठवड्यात मी पुन्हा घाटात गेलो. या वेळी मिस्त्री शेजारी बसले होते. त्या वळणावर आल्यावर ते म्हणाले, "हितंच ना?" मी मान हलवली. गाडी तिसऱ्या गिअरवर वळण चढून गेली. वर डोंगरात सीताफळं तोडून ठेवलेली होती.