वजन नियंत्रण आणि भोजनपर्यायी अन्न
(भाषणाचा संपादित भाग)

कोलकात्यात १९३२ साली अखिल भारतीय स्वास्थ्यविज्ञान व सार्वजनिक आरोग्य संस्था स्थापन झाली, तेव्हा बंगालपुढील पोषणाचा मुख्य प्रश्न अन्नाच्या तुटवड्याचा होता. १९४३ च्या दुष्काळात तेथे लाखो लोक मृत्युमुखी पडले. आता त्याच प्रदेशात अल्पपोषण आणि अतिपोषण शेजारी शेजारी नांदत आहेत. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९-२१) पश्चिम बंगालमधील १५ ते ४९ वयोगटातील १४.८ टक्के स्त्रियांचे वजन प्रमाणापेक्षा कमी, तर २२.७ टक्के स्त्रियांचे जास्त होते. भोजनपर्यायी अन्नाचा विचार या दुहेरी ओझ्याच्या संदर्भातच करावा लागेल.

भोजनपर्यायी अन्न म्हणजे एका किंवा अधिक जेवणांच्या जागी घ्यावयाचे, ऊर्जा व पोषकद्रव्ये मोजून तयार केलेले पेय, भुकटी किंवा वडी. कोडेक्सच्या १९९१ च्या मानकानुसार अशा एका जेवणातून २०० ते ४०० किलोकॅलरी ऊर्जा मिळावी आणि त्यातील २५ ते ५० टक्के ऊर्जा प्रथिनांची असावी. दिवसभराची सर्व जेवणे बदलावयाची असल्यास ही मर्यादा ८०० ते १२०० किलोकॅलरी आहे.

या उपायाचे बळ मोजमापात आहे. भात, लुची, मिष्टी दोई यांतील ऊर्जेचा अंदाज सहज चुकतो. मोजलेल्या पाकिटाचा चुकत नाही. ब्रिटनमधील ‘डायरेक्ट’ या अभ्यासात मधुमेही रुग्णांना तीन ते पाच महिने दररोज सुमारे ८५० किलोकॅलरींचा असा आहार देण्यात आला. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार एका वर्षानंतर ४६ टक्के रुग्णांची रक्तशर्करा औषधांविना मधुमेहाच्या पातळीखाली राहिली. दोन वर्षांनी हे प्रमाण ३६ टक्क्यांवर आले. वजन उतरविण्यापेक्षा ते टिकविणे कठीण, हा त्याचा अर्थ. या अभ्यासातही नेहमीचे अन्न टप्प्याटप्प्याने पुन्हा सुरू करण्यात आले होते व देखरेख चालू होती.

स्वस्त देशी पर्याय म्हणून बंगालमधील छातूचा, म्हणजे हरभऱ्याच्या सातूचा, उल्लेख होतो. ५० ग्रॅम छातूतून सुमारे १० ग्रॅम प्रथिने व २०० किलोकॅलरींपर्यंत ऊर्जा मिळते. प्रथिनांचा वाटा मानकाच्या जवळ जातो. परंतु ब-१२ सारखी जीवनसत्त्वे त्यात नाहीत. म्हणून छातू हा उत्तम अल्पोपाहार आहे, संपूर्ण भोजनपर्याय नव्हे. मुरमुऱ्यांत तर प्रथिनांचा वाटा याहूनही बराच कमी असतो.

गर्भवती व स्तनदा माता, वाढीच्या वयातील मुले आणि मूत्रपिंडाचे रुग्ण यांनी वैद्यकीय सल्ल्याविना हा मार्ग स्वीकारू नये. इन्सुलिन किंवा रक्तशर्करा उतरविणारी औषधे घेणाऱ्यांच्या मात्रेत बदल न केल्यास शर्करा धोकादायक पातळीपर्यंत घसरू शकते. अन्न सुरक्षा व मानके अधिनियम, २००६ च्या कलम २२ मध्ये विशेष आहारविषयक अन्नाची तरतूद आहे. मात्र कायदा लेबल देतो, ते वाचण्याची सवय समाजाने लावून घ्यावी लागते.

सारांश, भोजनपर्यायी अन्न हे मर्यादित काळाचे साधन आहे. स्थायी उपाय रोजच्या ताटातील प्रमाण सुधारण्यात आणि शारीरिक श्रमात आहे. सार्वजनिक धोरणानेही लठ्ठपणावर उपाय योजताना त्याच वस्तीतील कृश स्त्रीला विसरून चालणार नाही.